छायाचित्रातील पक्षी दयाळ नव्हे, चिरक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बागेतील गाणाऱ्या पक्ष्यांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यासोबतच्या एका छायाचित्राखाली ‘दयाळ (मादी)’ अशी ओळ छापली आहे. छायाचित्रातला पक्षी दयाळ नाही, ती चिरकाची मादी आहे. लेखातील मजकूर एरवी नेटका आहे आणि दयाळाच्या गाण्याचे वर्णन तर कान देऊन ऐकणाऱ्यानेच करावे असे उतरले आहे. म्हणूनच छायाचित्राखालची ओळ पुढील अंकात दुरुस्त व्हावी, अशी विनंती आहे. पुरवणीतली चित्रे कापून वहीत चिकटवणारी शाळकरी मुले आणि पक्षी पाहायला नव्याने लागलेली मोठी माणसेही छापील ओळीवर विश्वास ठेवतात, आणि एकदा डोळ्यांत बसलेले चुकीचे चित्र पुढे बरीच वर्षे निघत नाही.

छायाचित्र पुन्हा एकदा निरखून पाहावे. दगडावर बसलेला हा पक्षी पाठीकडून एकसारखा तपकिरी आणि पोटाकडून राखाडी तपकिरी आहे. त्याने शेपटी जवळजवळ काटकोनात उभी केली आहे, त्यामुळे शेपटीच्या बुडाखालची विटकरी पिसे उघडी पडली आहेत. मिटलेल्या पंखावर पांढऱ्या रंगाचा मागमूस नाही आणि शेपटीच्या कडाही गडद आहेत. बहुधा त्या उभारलेल्या शेपटीनेच घोटाळा केला असावा, कारण ही सवय दोन्ही पक्ष्यांना सारखीच आहे. पण पंखावर पांढरा पट्टा नाही, शेपटीच्या कडेला पांढरी पिसे नाहीत आणि बुडाखाली मात्र विटकरी रंग आहे, इतके दिसल्यावर दयाळाचे नाव घेण्यास जागा उरत नाही.

लेखात ‘नर काळा-पांढरा, मादी मळकट’ असे एक वाक्य आहे. ते खोटे नाही, पण ओळख पटवण्याच्या कामी ते निरुपयोगी आहे, किंबहुना चुकीच्या वाटेला नेणारे आहे. आपल्याकडे काळे-पांढरे पक्षी बरेच आहेत आणि मळकट माद्यांची तर गणतीच नाही. दयाळ ओळखायचा तो पांढरा रंग अंगावर कुठे आहे यावरून. काळ्याची जागा करडा किंवा तपकिरी रंग घेऊ शकतो. पांढऱ्याची जागा मात्र नरात, मादीत आणि पिल्लातही बदलत नाही.

दयाळ साधारण बुलबुलाएवढा, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटर लांबीचा असतो. नराचे डोके, गळा, छाती आणि पाठ निळसर झाक असलेल्या चकचकीत काळ्या रंगाची असते. छातीचा काळा रंग जिथे संपतो, तिथे तो एका रेषेत तुटतो आणि खाली स्वच्छ पांढरे पोट सुरू होते. खांद्यापासून निघालेला पांढरा पट्टा मिटलेल्या पंखावरून लांबवर गेलेला असतो आणि पक्षी बसलेला असतानाही पूर्ण दिसतो. शेपटी लांब असून तिची मधली पिसे काळी व बाहेरची पांढरी असतात. पक्षी जमिनीवरून उडून झाडीत शिरताना शेपटी पसरतो, त्या क्षणी दोन्ही कडांना पांढरा रंग लखकन दिसतो. पाठमोरा उडालेला दयाळ ओळखायला एवढी खूण पुरते. डोक्यावर मात्र पांढऱ्याचा एक ठिपकाही नसतो. भुवई नाही, गालावर डाग नाही, कंठपट्टी नाही. ही ‘नसण्याची’ खूणही असण्याच्या खुणांइतकीच कामाची आहे.

मादीच्या बाबतीत याच आराखड्यातला काळा रंग काढून तिथे करडा भरला, की काम झाले. तिचे डोके, पाठ आणि छाती पाटीच्या रंगासारखी राखाडी असते, छातीकडून पोटाकडे जाताना हा राखाडी रंग हळूहळू विरतो आणि पोटाचा पांढरा रंगही नराइतका स्वच्छ नसतो. पंखावरचा पांढरा पट्टा आणि शेपटीच्या पांढऱ्या कडा मात्र जशाच्या तशा. दयाळाच्या मादीच्या कुशीवर आणि शेपटीखाली कधीकधी फिकट पिवळसर छटा दिसते व तिची चिरकाच्या विटकरी रंगाशी गल्लत होऊ शकते, परंतु पंखाकडे नजर टाकली की शंका फिटते. रंगाच्या गडदपणावर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. ही जात भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे आणि प्रदेशागणिक मादीचा रंग फिका-गडद होत जातो. श्रीलंकेतील माद्या तर नराच्या जवळपास जातील इतक्या गडद असतात. तेथील छायाचित्र पाहून नर की मादी हे ठरवायला जाणकारालाही थांबावे लागते, पण तो पक्षी दयाळ आहे हे सांगायला मुळीच थांबावे लागत नाही. बांगलादेशचा हा राष्ट्रीय पक्षी तेथील दोन टक्यांच्या नोटेवर अनेक वर्षे झळकला. एवढ्याशा चित्रातही तो ओळखू येतो, तो याच मांडणीमुळे.

आता चिरकाविषयी. लांबीने तो दयाळापेक्षा फार कमी नाही, पण अंगाने सडपातळ वाटतो. दोघेही पूर्वी कस्तूर पक्ष्यांच्या कुळात मोडत. आता ते माशीमार कुळात धरले जातात आणि चिरकाची वेगळी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) मोडून त्याला दयाळाच्याच प्रजातीत घातले आहे, तेव्हा हे साम्य नात्यातले आहे असे म्हणायला हरकत नाही. चिरकाचा नर काळा असतो. दक्षिणेकडे त्याची पाठही काळी असते, तर उत्तरेकडे ती तपकिरी होत जाते. पोट मात्र काळेच, दयाळासारखे पांढरे कधीच नाही. त्याच्या खांद्यावर पांढरा डाग असतो खरा, पण तो लहान असतो आणि पंख मिटल्यावर बऱ्याच वेळा काळ्या पिसांखाली दडतो, म्हणून बसलेला चिरक पूर्ण काळा दिसतो आणि उडाल्याबरोबर त्याच्या पंखात पांढरे चमकते. नवख्या निरीक्षकाने या चमकेवरून त्याला दयाळ म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी पक्षी पुन्हा बसेपर्यंत धीर धरावा. बसल्यावर पट्टा नाहीसा झाला तर तो चिरक, आणि पट्टा तसाच राहिला तर दयाळ. चिरकाच्या मादीच्या खांद्यावर हा डागही नसतो, आणि आपल्या पुरवणीतील छायाचित्रात नेमके हेच दिसते.

जागेचाही थोडा उपयोग होतो. चिरकाला कोरडा, उघडा, दगडधोंड्यांचा आणि काटेरी झुडपांचा मुलूख आवडतो. तो खडकावर, बांधावर, पडक्या भिंतीवर बसतो. दयाळाला सावली लागते. झाडी, बांबूची बेटे, बागा, पालापाचोळा साचलेले कोपरे ही त्याची आवडती ठिकाणे. तरीही बागेत दिसला म्हणून दयाळ आणि माळावर दिसला म्हणून चिरक, असा न्याय लावू नये. जिथे बागेची कडा मोकळ्या माळाला भिडते, तिथे दोघेही एकाच कुंपणावर बसलेले सापडतात.

धोबी या पक्ष्याशी होणारी गल्लत वेगळ्या प्रकारची आहे, कारण इथे रंग खरोखरच फसवतात. पांढऱ्या भुवईचा धोबी काळा-पांढरा आहे, त्याच्या पंखावर मोठा पांढरा पट्टा आहे, शेपटीच्या कडाही पांढऱ्या आहेत आणि त्याचे गाणेही गोड असून दयाळाची आठवण करून देणारे आहे. मग फरक कुठे? त्याच्या डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते आणि दयाळाच्या काळ्या डोक्यावर काहीच नसते, हे वर आलेच आहे. शिवाय तो बहुधा पाण्याच्या आसपास असतो, जमिनीवर तुरुतुरु चालतो, शेपटी सतत खालीवर हलवत राहतो आणि हवेत झोके घेतल्यासारखा वरखाली होत उडतो. दयाळ चालत नाही, दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारतो. चार उड्या, मग थांबून मान तिरकी करून जमिनीकडे पाहणे, एखादा किडा टिपणे आणि शेपटी झटक्याने वर उचलून ती सावकाश खाली आणणे, हा क्रम थोडा वेळ पाहिला तर लांबवरून, रंग न दिसताही, नाव सांगता येते.

कवड्या गप्पीदासाचा नरही काळा-पांढरा असतो, पण तो चिमणीएवढा, आखूड शेपटीचा आणि काळ्या छातीचा असतो. त्याच्या कमरेवर पांढरे असते आणि शेपटी मात्र पूर्ण काळी. शामा हा जंगलातला पक्षी. त्याचे पोट तांबूस असते, तेव्हा त्याच्याशी गोंधळ होण्याचे फारसे कारण नाही.

ज्याच्याविषयी मराठीत जवळजवळ काहीच छापून येत नाही आणि ज्याच्यामुळे दरवर्षी सर्वाधिक चुका होतात, तो पक्षी म्हणजे दयाळाचे नुकते घरट्याबाहेर पडलेले पिल्लू. दयाळाची वीण साधारण मार्च ते जुलै या काळात होते. त्यामुळे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि पावसाच्या सुरुवातीला तपकिरी पाठीचे, खवल्यांसारखी नक्षी असलेले आणि छातीवर पिवळसर-तांबूस ठिपके असलेले पक्षी बागेत दिसू लागतात. पुस्तकातल्या नराशी ते जुळत नाहीत, मादीशीही जुळत नाहीत. मग कोणी त्यांना कस्तुराचे नाव देतो, कोणी माशीमाराचे, आणि एखादा उत्साही निरीक्षक तर जिल्ह्यात प्रथमच आढळलेली जात म्हणून बातमी पाठवतो. या पिल्लाच्या पंखाकडे पाहावे. छाती कितीही ठिपकेदार असली, तरी पंखावर पांढरा पट्टा असतोच, शेपटी पुरेशी वाढलेली असेल तर तिच्या कडाही पांढऱ्या असतात आणि शेपटी उचलण्याची सवयही लवकरच दिसू लागते. शिवाय ते एकटे नसते. दहा मिनिटे थांबले, तर चोचीत किडा घेऊन नर किंवा मादी तिथे येतेच, आणि मग वेगळ्या पुराव्याची गरज राहत नाही.

उजेडाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण आजकाल ओळख प्रत्यक्ष पक्ष्यावरून कमी आणि मोबाइलवरच्या छायाचित्रावरून अधिक होते. पक्ष्याच्या मागे उजळ आकाश असेल तर करडी मादी छायाचित्रात काळी येते आणि तिचा नर होतो. उलट, भर उन्हात काढलेल्या छायाचित्रात चिरकाच्या काळ्या पाठीवरची चमक पांढऱ्या डागासारखी भासते. दाट सावलीत बुडाखालचा विटकरी रंग नुसता काळसर दिसतो. अशा एका छायाचित्रावरून छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यांचे मला नवल वाटते. पाठीकडून एक, पोटाकडून एक आणि शक्य झाल्यास शेपटी पसरलेली असताना एक, अशी छायाचित्रे असतील तर प्रश्न उरत नाही. ती नसतील तर ‘दयाळ किंवा चिरक’ एवढेच लिहून थांबण्यात कमीपणा नाही.

लेखातील गाण्याच्या वर्णनाला थोडी पुस्ती जोडतो. दयाळाचे गाणे हे प्रामुख्याने विणीच्या हंगामातले आहे. त्या काळात नर झाडाच्या शेंड्यावर, विजेच्या खांबावर किंवा गच्चीवरच्या अँटेनावर उघड बसून पहाटे उजाडण्याच्या आधीपासून स्पष्ट, चढउताराची, पुनःपुन्हा वळणे घेणारी शीळ घालतो आणि संध्याकाळी इतर पक्षी गप्प झाल्यावरही काही वेळ गात राहतो. मादीही गाते, पण थोडे, आणि तेही बहुधा नर जवळ असताना. हंगाम सरला की हाच पक्षी झाडीत दडून राहतो, आणि त्याची चाहूल लागते ती करुण वाटणाऱ्या लांबट शिळेने किंवा मांजर दिसल्यावर काढलेल्या ‘चर्र चर्र’ अशा खरखरीत आवाजाने. आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून हा आठवडा ठरवला आहे आणि त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र त्या आठवड्यात मुलांना बागेत नेऊन ‘दयाळाचे गाणे ऐका’ असे सांगितले, तर मुले बहुधा रिकाम्या हाताने परततील. नोव्हेंबरात दयाळ डोळ्यांनी शोधावा, गाणे ऐकायचे असेल तर एप्रिलमध्ये पहाटे उठावे.

दयाळ दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, हे लेखात आलेले नाही. एकाच बैठकीत तो इतर पक्ष्यांच्या आवाजांचे तुकडे आपल्या गाण्यात गुंफतो, म्हणून केवळ कानांवर भिस्त ठेवणाऱ्याला झाडावर नसलेले पक्षीही ऐकू येतात. आवाजावरून नाव सांगणारी मोबाइल ॲप आता सर्रास वापरली जातात. कुठे पाहायचे हे कळण्यासाठी ती चांगली आहेत, पण त्यांनी दाखवलेले नाव पक्षी न पाहताच नोंदवहीत उतरवू नये. ‘ईबर्ड’सारख्या सार्वजनिक नोंदींत तर नाहीच नाही, कारण तिथली नोंद पुढे अभ्यासक वापरतात.

याच संदर्भात एका प्रकाराविषयी मला नापसंती नोंदवायची आहे. चांगले छायाचित्र मिळावे म्हणून मोबाइलवर दयाळाचे गाणे मोठ्याने वाजवून नराला जवळ बोलावण्याची पद्धत वाढत चालली आहे. नर येतो, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे त्याला वाटते. चोच वर करून, पिसे फुगवून, शेपटी पसरून तो न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला धाक दाखवतो आणि छायाचित्र ‘सुंदर’ येते. त्याच वेळी त्याने किडे टिपायचे असतात, पिल्लांना भरवायचे असते. घरट्यांच्या बाबतीतही तेच. दयाळ झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात किंवा टांगलेल्या लाकडी पेटीत घरटे करतो. त्यात बहुधा चार-पाच अंडी असतात आणि ती उबवण्याचे काम एकटी मादी करते. माणसे सतत भोकात डोकावू लागली तर तिला पुनःपुन्हा उठावे लागते. वन्यपक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना धक्का लावणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येते, हे अनेकांना ठाऊक नसते. ओळख पटवण्यासाठी घरटे पाहण्याची काहीही गरज नाही. आपल्या वृत्तपत्राने घरट्यातील पिल्लांची छायाचित्रे छापणे थांबवले, तर ती काढण्याची हौसही बरीच कमी होईल असे वाटते.

गोड गळ्यामुळे हा पक्षी अनेक देशांत पिंजऱ्यासाठी पकडला गेला आहे. सिंगापूरमध्ये 1920च्या दशकापर्यंत सर्रास आढळणारा दयाळ 1970च्या दशकापर्यंत जवळजवळ दिसेनासा झाला. बाहेरून आलेल्या साळुंक्यांशी जागेसाठी झालेली स्पर्धा आणि पिंजऱ्यासाठी होणारी पकड, ही त्याची कारणे दिली जातात. आपल्याकडे तो आज विपुल आहे. तो तसाच आहे की कमी होतो आहे, हे पुढे सांगता यायचे असेल तर आजच्या नोंदी बरोबर असायला हव्यात, आणि चिरकाला दयाळ म्हणून नोंदवले तर दोघांचीही मोजणी चुकते.

वाचकांकडून पक्ष्यांची छायाचित्रे आपण नेहमीच मागवत असता. त्या आवाहनातच एक-दोन वाक्ये घालावीत. छायाचित्र कोणत्या महिन्यात व दिवसाच्या कोणत्या वेळी काढले, पक्षी जमिनीवर होता की शेंड्यावर, तो चालत होता की उड्या मारत होता, हे पाठवणाऱ्याने सोबत लिहावे. एकाच पक्ष्याची एकाहून अधिक छायाचित्रे असल्यास ती सर्व पाठवावीत, जरी छापण्याजोगे त्यांतले एकच असले तरी. ढोलीतल्या घरट्याचे किंवा आवाज वाजवून बोलावलेल्या पक्ष्याचे छायाचित्र स्वीकारले जाणार नाही, हेही तिथेच ठळक अक्षरांत छापावे. दयाळासारख्या नेहमीच्या पक्ष्याचे नाव ठरवताना विभागाला शंका आली, तर पंख आणि शेपटी स्पष्ट दिसेल असे दुसरे छायाचित्र पाठवणाऱ्याकडून मागवून घ्यावे आणि तोवर प्रसिद्धी आठवडाभर लांबवावी.

कळावे,
आपला एक वाचक